एल-फंक्शनांची शून्यं आणि सरासऱ्या : पुण्यातल्या नवशिक्यांसाठी वाटाड्या

"रीमानच्या प्रश्नाबद्दल वाचलंय, आता पुढे काय करू?" असं वर्षातून चार-पाच जण तरी मला विचारतात. बहुतेक एम.एस्सी.चे असतात, काही इंजिनिअरिंगला कंटाळलेले. एकदा एक निवृत्त बँक अधिकारी आले होते, त्यांची तयारी बाकी सगळ्यांपेक्षा पक्की निघाली. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून हा लेख.

मी स्वतः पहिले आठ महिने फुकट घालवले. रीमानने १८५९ साली जे म्हटलं, की झीटा फंक्शनची (१ + १/२^स + १/३^स + … या श्रेणीतून निघणारं फंक्शन, स ही संमिश्र संख्या) सगळी महत्त्वाची शून्यं, म्हणजे जिथे त्याची किंमत शून्य होते ते बिंदू, वास्तव भाग १/२ असलेल्या रेषेवर असावीत, ते वाक्य भिंतीवर चिकटवून त्याच्याकडे बघत बसायचो. या विषयात रोज काम करणारी माणसं एकेका शून्याच्या मागे धावत नाहीत, ती सरासऱ्या काढतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सरासरी हाताशी आली की शून्यं आपोआप बोलायला लागतात. कशी, ते पाचव्या पायरीवर.

१. आधी शिदोरी तपासा

लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत:

- संमिश्र विश्लेषण, म्हणजे कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, रेसिड्यू थिअरमपर्यंत. नुसतं पास होण्याइतकं नाही, इंटिग्रलचा मार्ग डावीकडे सरकवताना हात थरथरू नये इतकं.
- श्रेणींचं अभिसरण. कुठली श्रेणी कुठे चालते आणि कुठे कोसळते, याची जाण.
- कोशी-श्वार्झ असमानता. बारावीनंतर विसरला असाल तर आजच उजळणी करा, सगळ्या लेखात हिचंच राज्य आहे.
- पारी-जीपी हे फुकट सॉफ्टवेअर. साध्या लॅपटॉपवर चालतं.
- पाठकोरे कागद, भरपूर. नवीन वही घेऊ नका, कोऱ्या वहीत चुका करायला माणूस घाबरतो.

पुस्तकासाठी अप्पा बळवंत चौकात एक चक्कर माराल, मीही मारली होती. तिथे परीक्षांची गाइडं ढिगाने मिळतात, पण या विषयाचं पुस्तक मागितलं तर दुकानदार तुमच्याकडे सहानुभूतीने बघतो. सुरुवातीला ॲपॉस्टलचं १९७६चं नंबर थिअरीचं पुस्तक पुरेसं आहे. टिचमार्शचा झीटावरचा ग्रंथ, हीथ-ब्राउनने सुधारलेली १९८६ची आवृत्ती, हा संदर्भ म्हणून ठेवा. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतलात तर महिनाभरात विषय सोडाल.

२. माधवाच्या श्रेणीपासून सुरू करा

झीटापासून सुरुवात करू नका असं मी म्हणतो, आणि त्यावरून माझे वादही झाले आहेत. पण ही श्रेणी बघा: १ − १/३ + १/५ − १/७ + … केरळातल्या संगमग्रामच्या माधवाच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिची बेरीज पायचा चौथा हिस्सा येते. आपल्याकडे स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग जिच्या आयोजनात आहे ती पदवीच्या मुलांची स्पर्धा याच माधवाच्या नावाने भरते. ती दिलेल्या कितीतरी मुलांना आपण एका एल-फंक्शनची किंमत काढत होतो याचा पत्ता नसतो.

कसं ते पाहा. संख्येला ४ ने भागून बाकी १ उरली तर +१ लिहा, ३ उरली तर −१, सम असेल तर ०. या चिन्हांच्या नियमाला कॅरेक्टर म्हणतात. १, १/२^स, १/३^स, … या पदांना ही चिन्हं लावून केलेली बेरीज म्हणजे त्या कॅरेक्टरचं एल-फंक्शन. स च्या जागी १ ठेवला की माधवाची श्रेणी. कॅरेक्टर गुणाकार सांभाळतं: ३ ला −१, ७ ला −१, आणि २१ ला +१. त्यामुळे ही सगळी श्रेणी मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडता येते. १ या बिंदूवर फंक्शन शून्य होत नाही एवढ्यावरून ४ ने भागून बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत हे निघतं. डिरिक्लेने १८३७ मध्ये हीच युक्ती कुठल्याही भाजकासाठी चालवली. शून्य कुठे *नाही* हे कळणं किती मोलाचं असतं, ते इथेच लक्षात येतं.

आता आपल्याला हवा तो बिंदू, १/२. श्रेणी होते १ − १/√३ + १/√५ − १/√७ + … कॅल्क्युलेटर घ्या. तीन पदांपर्यंत बेरीज ०.८७०, चार पदांपर्यंत ०.४९२. हेलकावे संपतच नाहीत. पण या दोन बेरजांची सरासरी घ्या: ०.६८१. खरी किंमत ०.६६७७ आहे. चार पदांत एवढं जवळ! सरासरीची ही पहिली चुणूक.

सापळा: हेच झीटाला करायला जाल तर १ + १/√२ + १/√३ + … ही बेरीज अनंताला जाते. तरी १/२ वर झीटाची किंमत −१.४६०३… आहे. श्रेणी आणि फंक्शन एक नाहीत. श्रेणी संपते तिथून पुढे फंक्शन विश्लेषणाने लांबवलेलं असतं. '१ + २ + ३ + … = −१/१२' हा व्हॉट्सॲपवरचा चमत्कार याच गोंधळातून जन्मतो.

३. शून्यं डोळ्यांनी बघा

पारी-जीपीत 'एलफनझिरोज' (lfunzeros) नावाची आज्ञा आहे. तिला १ आणि ३० हे आकडे द्या. झीटाची ३० उंचीपर्यंतची शून्यं मिळतात (उंची म्हणजे शून्याचा काल्पनिक भाग): १४.१३४७, २१.०२२०, २५.०१०९. आता १ ऐवजी −४ द्या, म्हणजे वरची माधववाली श्रेणी, आणि उंची १५ ठेवा: ६.०२०९, १०.२४३८, १२.९८८१. आकडे आले की ते एलएमएफडीबी या ऑनलाइन कोशातल्या नोंदींशी पडताळा. तिथे हजारो एल-फंक्शनं शून्यांसकट मांडून ठेवलेली आहेत.

एक हिशेब हाताने करा. ट उंचीपर्यंत साधारण किती शून्यं असतात याचं सूत्र असं: ट ला २पाय ने भागा, त्या आकड्याला त्याच्या लॉगमधून १ वजा करून गुणा, वर ७/८ मिळवा. ट = १०० घेतलं तर २८.१३ + ०.८७५, म्हणजे जवळपास २९. प्रत्यक्षात १०० पर्यंत नेमकी २९ शून्यं आहेत. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी मेसमधलं जेवण चुकवलं होतं. (लॉग म्हणजे कायम नैसर्गिक लॉग. कॅल्क्युलेटरवरचं दहाच्या पायाचं बटण दाबून एकाने मला "सूत्र चुकलंय" असं कळवलं होतं.)

−२, −४, −६ इथलीही शून्यं असतात, त्यांना क्षुल्लक म्हणतात. त्यांच्याकडे बघायचं नाही.

४. पहिली सरासरी हाताने काढा

१/२ च्या रेषेवर झीटाची एखादी किंमत किती मोठी असेल हे नेमकं सांगणं फार अवघड आहे. पण किमतींच्या वर्गांची सरासरी सांगता येते. हार्डी आणि लिटलवुड यांनी १९१८ मध्ये ती काढली: ० ते ट पर्यंत झीटाच्या मापाच्या वर्गाचं इंटिग्रल ट × लॉग ट एवढं वाढतं. याला दुसरा मोमेंट म्हणतात.

ही आकडेमोड तुम्ही करू शकता, आणि करायलाच हवी. ट उंचीच्या आसपास झीटाच्या जागी ट पदांची साधी बेरीज ठेवता येते, उरलेला भाग बारीक असतो. त्या बेरजेचा वर्ग करा. दोन तऱ्हेची पदं येतात. ज्यांत दोन्ही आकडे सारखे ती कर्णावरची पदं: त्यांत हेलकावा नाही, म्हणून न व्या पदातून ट/न मिळतं. १ + १/२ + १/३ + … + १/ट ही बेरीज लॉग ट एवढी, म्हणून एकूण ट × लॉग ट. ज्यांत आकडे वेगळे ती कर्णाबाहेरची पदं: ती वरखाली होत एकमेकांना खातात. ती नक्की किती खातात हे सांगणारी असमानता माँटगोमेरी आणि वॉन यांनी १९७४ मध्ये दिली. ती वापरली की उरलेली चूक फक्त ट च्या पटीत राहते, लॉग लागत नाही. झालं. पाठकोऱ्या कागदाच्या दोन बाजूंत मावतं.

सापळा, आणि हा माझा स्वतःचा: मी ट = १००० घेऊन कॉम्प्युटरवर तपासलं. ट × लॉग ट म्हणजे ६९०८ यायला हवं होतं, आलं ५२०० च्या आसपास. दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. खरं सूत्र आहे ट × लॉग(ट/२पाय) + (२ × ऑयलरचा स्थिरांक − १) × ट, आणि त्याने ५२२४ येतं. लॉग ही इतकी संथ वाढणारी वस्तू आहे की 'लहान' पदंही हजारात, लाखातसुद्धा अंगावर येतात. नुसत्या मुख्य पदाची कॉम्प्युटरच्या आकड्याशी कधीही तुलना करू नका.

५. सरासरीतून शून्यांकडे

इथे वेळ काढून बसा, चहा घेऊन बसा.

*पहिली युक्ती: पासबुक.* १/२ च्या रेषेवर झीटाला योग्य कोनातून फिरवलं की एक वास्तव फंक्शन मिळतं, कधी धन, कधी ऋण. त्याने चिन्ह बदललं की तिथे शून्य. आता पासबुक डोळ्यासमोर आणा. वर्षभरातली जमा-खर्चाची निव्वळ बेरीज अगदी किरकोळ आहे, पण एकूण उलाढाल मोठी आहे. मग खात्यात जमाही झाली आणि पैसे गेलेही, हे नोंदी न बघता सांगता येतं. झीटाचं तसंच: त्या वास्तव फंक्शनचं इंटिग्रल ट पेक्षा बरंच लहान, पण त्याच्या मापाचं इंटिग्रल किमान ट च्या पटीत. म्हणजे चिन्ह बदलत राहिलंच पाहिजे. रेषेवर अनंत शून्यं आहेत हे हार्डीने १९१४ मध्ये सिद्ध केलं आणि लिटलवुडबरोबर ते पुढे नेलं. एकही शून्य न शोधता अनंत शून्यं!

*दुसरी युक्ती: वर्गणी.* आता प्रश्न उलटा. एकाच भाजकाची, समजा क ची, सगळी कॅरेक्टरं घ्या. प्रत्येकाचं एक एल-फंक्शन. त्यांतली किती १/२ या बिंदूवर शून्य *नाहीत*? सर्वदमन चावला यांच्या अटकळीनुसार एकही शून्य नसावं. सिद्ध करायचं कसं?

तुमच्या सोसायटीत १०० घरं आहेत आणि गणपतीची वर्गणी ५०,००० जमली. किती घरांनी दिली? नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही, सगळे पैसे तळमजल्यावरच्या शेटजींनीच दिले असतील. पण खजिनदाराने प्रत्येक रकमेच्या वर्गांची बेरीजही सांगितली (असा खजिनदार पुण्यातच भेटेल) आणि ती ५ कोटी निघाली, तर कोशी-श्वार्झ सांगते: देणारी घरं किमान (५०,०००)² ÷ ५ कोटी, म्हणजे ५०. शेटजींनी एकट्याने दिले असते तर वर्गांची बेरीज २५० कोटी झाली असती आणि उत्तर १ आलं असतं.

एल-फंक्शनांना हेच लावा. पहिल्या मोमेंटची बेरीज साधारण क एवढी, दुसऱ्याची क × लॉग क. भागाकार केला की कळतं, किमान क/लॉग क फंक्शनं शून्य नाहीत. छान, पण तो लॉग खुपतो. क वाढेल तसं प्रमाण शून्याकडे जातं. कारण तेच, काही मोजके शेटजी वर्गांची बेरीज फुगवतात.

उपाय म्हणजे मॉलिफायर. प्रत्येक फंक्शनला अशा एका छोट्या बेरजेने गुणायचं की जिथे मूळ किंमत अवाढव्य, तिथे गुणक बारीक. शेटजींचा आकडा खाली येतो, सामान्य घरांचा तसाच राहतो. गुणल्यावर किंमत शून्य नसेल तर मूळही शून्य नव्हती, म्हणून फसवणूक नाही. या वाटेने आर. बालसुब्रमण्यन आणि कुमार मूर्ती यांनी १९९२ मध्ये लॉग हटवला, ठरावीक टक्का मिळवला. इवानिएत्स आणि सारनाक यांनी १९९९ मध्ये तो १/३ वर नेला. क्वाड्रॅटिक, म्हणजे फक्त ±१ आणि ० घेणाऱ्या कॅरेक्टरांच्या एका मोठ्या कुटुंबात कन्नन सौंदरराजन यांनी २००० मध्ये ७/८ गाठलं. हा शोधनिबंध मी तीनदा अर्ध्यावर सोडला आणि चौथ्यांदा संपवला. लाज वाटून घेऊ नका.

रेषेवरच्या शून्यांचं प्रमाणही मॉलिफायरनेच वाढत गेलं: सेल्बर्ग १९४२, काहीतरी धन प्रमाण, लेव्हिन्सन १९७४, एक तृतीयांश, कॉन्री १९८९, दोन पंचमांश, २०२० मध्ये पाच-बारांश. सापळा: "बाकीची रेषेबाहेर आहेत का?" असं कुणी विचारलं, तर तसा अर्थ होत नाही. बाकीच्यांबद्दल या पद्धतीला काही म्हणता येत नाही, एवढंच.

६. ४२ ची गंमत

चौथा मोमेंट इंगहॅमने १९२६ मध्ये काढला: ट × (लॉग ट)⁴ भागिले २ × पाय². त्यापुढचा सहावा आजही सिद्ध झालेला नाही. पण उत्तर काय असावं याचा अंदाज आहे. प्रत्येक सूत्रात एक पूर्णांक दडलेला असतो: दुसऱ्यात १, चौथ्यात २, सहाव्यात ४२ (कॉन्री आणि घोष यांचा अंदाज), आठव्यात २४०२४ (कॉन्री आणि गोनेक). कीटिंग आणि स्नेथ यांनी यादृच्छिक (रँडम) मॅट्रिक्सवरून सगळ्यांसाठी एकच सूत्र मांडलं, ते २००० साली छापून आलं, आणि त्यातून हेच आकडे पडतात.

तुम्हीही पाडा. ४२ साठी: ९! ला ३!, ४! आणि ६० ने भागा (६० म्हणजे ५! ÷ २!). दुसरी वाट हवी असेल तर ३ × ३ च्या चौकटीत १ ते ९ आकडे असे भरा की प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे आणि प्रत्येक रकाना वरून खाली चढता राहील. अशा भरणी ४२ होतात. रविवारची दुपार जाते, पण मजा येते.

मॅट्रिक्स आले कुठून? १९७२ मध्ये प्रिन्स्टनला चहाच्या वेळी माँटगोमेरींची फ्रीमन डायसन यांच्याशी गाठ पडली, आणि ती घालून देणारे होते हेच आपले चावला. माँटगोमेरींनी शून्यांमधल्या अंतरांचं सूत्र सांगितलं, डायसननी ते यादृच्छिक मॅट्रिक्समधलं म्हणून ओळखलं. तेव्हा कुठल्याही व्याख्यानानंतरचा चहा चुकवू नका.

७. आणखी काही खड्डे

*'गृहीत धरून' आणि 'सिद्ध'.* निबंध वाचताना प्रत्येक प्रमेयाशेजारी पेन्सिलीने खूण करा: बिनशर्त, की रीमानचं विधान गृहीत धरून? मोमेंटांच्या वरच्या मर्यादांचं बरंच काम सशर्त आहे. ही खूण न केल्याने मी एका चर्चासत्रात अख्खं भाषण सशर्त निकालावर उभं केलं होतं, बिनशर्त समजून.

*कॅरेक्टर अस्सल आहे का?* लहान भाजकाचं कॅरेक्टर मोठ्या भाजकाचा वेश घालून येतं. अस्सल, म्हणजे प्रिमिटिव्ह, तेवढीच मोजा. नाहीतर फंक्शनल समीकरण (स आणि १ − स इथल्या किमती जोडणारं) चुकतं आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही.

*पुरावा सापडल्याचा भास.* हा सगळ्यांना एकदा तरी होतो, आणि पुणेकरांना यासाठी दूर जायला नको. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये शिकवत, पुढे पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा संस्थेत जात. इतिहासकार म्हणून ते थोर, गणितीही पक्के. १९५९ मध्ये त्यांनी संभाव्यतेच्या वाटेने रीमानच्या विधानाचा पुरावा दिल्याचा दावा कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही आणि त्यांच्या गणिती लौकिकाला मोठा धक्का बसला. एवढ्या माणसाचं असं होतं, तर आपण आपला 'पुरावा' आठवडाभर खणात ठेवावा, मग अशा मित्राला दाखवावा जो तोंडावर चूक सांगेल. असे मित्र या शहरात कमी नाहीत.

८. पुण्यात कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

पाषाणला आयसर, गणेशखिंडीत विद्यापीठाचा गणित विभाग आणि जयकर ग्रंथालय, लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान. तिन्ही ठिकाणी एकदा तरी जाऊन या. व्याख्यानाला बाहेरच्यांनी आलेलं चालतं का हे आयोजकांना दोन ओळींची मेल करून आधी विचारा. फाटकावर वाद घालण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात वक्त्याच्या व्याख्या सांगून झालेल्या असतात.

जवळ ठेवायचे कागद: सरकारी ओळखपत्र, कॉलेजचं ओळखपत्र, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि शिक्षकांचं शिफारसपत्र. एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण उपक्रमाच्या उन्हाळी वर्गासाठी किंवा राष्ट्रीय गणित केंद्राच्या प्रशिक्षण शिबिरांसाठी अर्ज करताना यातलं बरंच लागतं. शिफारसपत्र आदल्या दिवशी मागू नका. सर 'हो' म्हणतात आणि चार ओळींत उरकतात. तीन आठवडे आधी जा, आणि जाताना चौथ्या पायरीतली आकडेमोड स्वच्छ लिहून न्या. पत्रात काय लिहायचं हा त्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

कुणी मार्गदर्शक भेटला आणि "कशात रस आहे?" असं विचारलं, तर "रीमान हायपोथिसिस" असं म्हणू नका, समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो. "भाजक क च्या कुटुंबाचा दुसरा मोमेंट हाताने काढलाय, पण मॉलिफायर केवढा लांब घेता येतो ते कळत नाही" असं म्हणा. मला या प्रश्नाचं उत्तर मिळायला अडीच तास आणि तीन कटिंग लागले होते, आणि फळा दोनदा पुसावा लागला.